डॉटीची खुर्ची

वर्नामावशी वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका आहे, आणि त्यातली निम्मी तरी नव्या नर्सना तेच ते समजावण्यात गेली असतील. नर्स शहरातून येतात, सहा आठवड्यांसाठी. बॅग पुरती रिकामी होत नाही तोवर परतीचा दिवस उजाडतो. मग दुसरी येते आणि मावशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू नकोस, पोरी. वारलेल्या माणसाचं नाव तोंडातून काढू नकोस. बाई 'हो' म्हणाली म्हणजे तिला पटलंच असं नाही, तू एकदाची जावंस म्हणूनही म्हणत असेल. मी पुढच्या टेबलावर केसपेपर काढते, त्यामुळे मला हे सगळं तोंडपाठ आहे.

यंदा मावशीच्या घरात तीन मयती झाल्या. आमच्याकडे मयत एका दिवसात उरकत नाही. तिसरीहून ती पंधरा दिवसांनी परतली तेव्हा गुडघे सुजलेले, आवाज बसलेला, आणि टेबलावर कागदांचा हा ढीग. सोमवारी एका बैठकीत तिनं सगळ्यांवर सह्या केल्या.

बुधवारी कर्स्टी नावाची नवी नर्स एक कागद घेऊन आली.

"आँटी वर्ना, डॉटीनं डायलिसिसला तीनदा नकार दिलाय. नियमाप्रमाणे शुक्रवारी तिची मशीनपाशची खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. तिला समुद्राकाठच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल."

डॉटी म्हणजे मावशीची वहिनी. तिकडे पाठवलेली आमची म्हातारी माणसं बहुतेक शवपेटीतूनच परत येतात.

"तू विचारलंस तिला?"

"काल घरी गेले होते. 'उद्या येशील ना?' म्हटलं, तर हो म्हणाली. आज पुन्हा नाही आली."

"अगं, 'हो' म्हणजे..." मावशीनं नेहमीचं पुराण सुरू केलं आणि मध्येच थांबली. कागदावर पेशंटना घरून आणणाऱ्या ड्रायव्हरची सही होती, लायनेलची. आणि तिन्ही नकारांखाली तिची स्वतःची.

ती तशीच उठून अंगणात गेली. लायनेल गाडी धूत होता. मीही मागोमाग गेले, कागद हातात धरून, जणू काही कामच होतं माझं.

"डॉटीच्या दारात गेला होतास तू?"

लायनेल मान खाली घालून चाक घासत राहिला. "कसा जाऊ, आत्या? सासू आहे ती माझी."

आमच्यात जावई सासूसमोर उभा राहत नाही, तिच्याशी बोलत नाही, मग एका गाडीत बसणं तर लांबच. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"मग 'नकार' का लिहिलंस रे?"

"फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. 'आली' आणि 'नको म्हणाली'. तिसरा असता तर तिसऱ्यावर खूण केली असती. त्या शहरातल्या पोरीला माझ्या सासूचं काय सांगू? तू मयतीला गेलेलीस. म्हटलं, तू आलीस की बघशील." त्यानं फडकं पिळलं. "तू आलीस, आणि सह्या केल्यास."

लायनेलला ही नोकरी तिसऱ्या मयतीला जायच्या आधी मावशीनंच लावून दिली होती, गेल्या आठवड्यात तो रुजू झाला. पीत नाही, गाडी सांभाळून चालवतो, म्हणून. नोकरी लावली तेव्हा दुसऱ्या मयतीचं जेवण करायचं होतं, पुढे तिसरा गेला तो तापानं पडून होता, आणि गाडीतून कोण कोण जातं ती यादी तिनं डोळ्यांखालून घातलीच नाही. मी तरी कुठे घातली? मीच टाइप करते ती.

ती आत आली आणि कर्स्टीला म्हणाली, "नकार डॉटीचा नाही. चूक माझी. तसं लिही."

कर्स्टी पोरगी बरी निघाली. कशी, काय, असलं काही विचारलं नाही. म्हणाली, "आज चारला एक खुर्ची मोकळी आहे. आणा तिला."

मावशीच्या जुन्या गाडीतून आम्ही गेलो. डॉटी ओसरीत गादीवर बसली होती, आडवं झालं की दम लागतो म्हणून. पाय हे एवढे सुजलेले. मावशी शेजारी बसली. मला आतून राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं.

"चल वहिनी. माझ्या गाडीतून."

दोघींनी धरून तिला गाडीत बसवलं. पट्टा पोटावर बसेना, मी तो तसाच हातात धरून ठेवला. पेट्रोलपंपापर्यंत डॉटी बाहेर बघत होती. मग श्वास घेत घेत म्हणाली,

"मला वाटलं, तू मुद्दामच केलंस."

"काय मुद्दाम?"

"जावयाला गाडीवर ठेवलंस ते. तुला तर सगळं कळतं. तूच सगळ्यांना शिकवतेस. म्हटलं, तरण्या माणसांना खुर्ची मिळत नाही, माझं तर वय झालं. वर्नाला तोंडावर सांगवत नसेल." ती थांबली. "म्हणून मी गप्प बसले. तुझ्यावर रागावले नव्हते हं."

मावशीनं गाडी कडेला घेतली. चार वाजायला आले होते, तरी घेतली.

"विसरले गं," ती म्हणाली. "वहिनी, मी नुसती विसरले."