डाव्या हाताचा देव

साखर पेठेत केराबाई नावाच्या दोन बायका होत्या. ओळखायला सोपं जावं म्हणून लोक एकीला गिरणीची केराबाई म्हणत आणि दुसरीला डाव्या देवाची. पहिलीच्या नवऱ्याची पिठाची गिरणी खरोखरच होती. दुसरीचा देव मात्र तुमच्या-आमच्यासारखाच उजव्या हाताचा होता. तिनं त्याला पाठीमागून पाहिलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन सोलापुरात आलेली, अजून लुगडं नीट न सावरणारी पोर होती. मैदानावर तंबू ठोकून मुका सिनेमा दाखवायचा तो काळ. तंबूच्या मधोमध पडदा, पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बायका. घरंदाज बाईनं परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसणं लोकांना खपत नव्हतं आणि बायकांची गर्दी वाया घालवणं तंबूवाल्याला खपत नव्हतं. त्यातून ही सोय निघाली होती. पडद्यावर पाण्याचे हबके मारत राहायचे, म्हणजे कापड ओलं होऊन चित्र पलीकडूनही दिसे. चित्रांच्या मधल्या पाट्यांची अक्षरं बायकांना उलटी दिसत, पण त्याबद्दल कधी तक्रार आली नाही. वाचता येणारी बाई त्या बाजूला नव्हतीच. पुढचा कुणी शिकलेला गृहस्थ पाटी मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर दोन्ही बाजूंचं भागायचं.

त्या खेळाच्या शेवटी देव प्रगट झाला आणि त्यानं भक्ताला आशीर्वाद दिला. घरी आल्यावर केराबाईनं सासूला सगळा सिनेमा सांगितला आणि शेवटी म्हणाली, "आत्याबाई, देवानं डावा हात वर केला बगा."

सासूच्या हातातलं सूप थांबलं. देव आणि डावा हात? तिनं मुलाकडं पाहिलं. कोंडीबा पुरुषांच्या बाजूला अगदी पुढं बसला होता.

"उजवा हुता," तो म्हणाला. "मी ह्या डोळ्यांनी बगितला. खोटं बोलतीया ती."

तेव्हापासून ती डाव्या देवाची. नाव पडलं त्याचं तिला तितकं दुःख नव्हतं. पेठेत ज्याला टोपणनाव नाही अशा माणसाला लोक उपरा समजतात. पण त्या नावामागं जे आलं ते वाईट होतं. माजघराच्या तुळईला वाळवी लागली आहे, असं तिनं सांगितलं तेव्हा कोंडीबा हसून म्हणाला, "हिचा देव डावा." तुळई पडली तेव्हा म्हणाला, "लाकडाचा काय भरवसा." केराबाईची एकूण एक गोष्ट या दोन वाक्यांच्या मध्ये सापडून चिरडली जायची. पुढं सुना आल्या, त्यांनीही ते वाक्य उचललं. सासूच्या गळ्यातले सोन्याचे डाग पदरात पडायला वेळ लागतो. तिची टिंगल मात्र सुनेला आल्या दिवशीच मिळते.

मधल्या काळात केराबाई चादरीच्या कारखान्यात कडेला सुटलेल्या दशांना गाठी मारायच्या कामाला लागली. तिथं एकदा चादर उलटी करताना तिच्या ध्यानात आलं, की वरून डावीकडं पाहणारा मोर खालून उजवीकडं पाहतो. ती हातातलं काम टाकून तशीच बसून राहिली. संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढं चादर पसरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"बगा की. तुमीबी खरं, मीबी खरं."

कोंडीबानं चादर बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाला, "माल बरा हाय. पर मोराचं आन् देवाचं काय?"

भांडण तिथंच राहिलं. चुलीसारखं ते घरात होतं, कधी पेटलेलं, कधी राखेखाली.

बाहत्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल, तेव्हा सोलापुरात एक रंगीत सिनेमा लागला. मुक्या सिनेमाच्या जमान्यातलं एक कुटुंब, त्यांचा फिरता तंबू, आणि त्या तंबूत घडणारे चमत्कार. पडद्यातून चांदोबा बाहेर येऊन प्रेक्षकांत गडगडतो, आगगाडी तंबू फाडून आभाळात जाते. शाळांनी पोरांच्या रांगाच्या रांगा नेल्या. वकील, मास्तर मंडळी 'फार कलात्मक आहे' म्हणत दोनदा जाऊन आली. धाकटी सून शकुंतला पाहून आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, त्यात बायका पडद्याच्या मागं बसलेल्या दावल्यात. तुमी सांगता तशा."

केराबाईच्या तव्यावरची भाकरी करपली. रविवारी दुपारच्या खेळाला तिनं कोंडीबाला धोतर नेसवून बाहेर काढलं.

"मला कशाला? मान दुखतीया."

"मान फकस्त वर करायचीया. डुलवायची न्हाई."

थेटरात दोघं शेजारी शेजारी बसली. आता कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. चांदोबा बाहेर आला तेव्हा पोरं किंचाळली. मग पडद्यावर पाणी मारायचा प्रसंग आला. बादलीतून उडालेला एकेक थेंब हिऱ्यासारखा चमकत, सावकाश, गाण्याच्या तालावर पडद्याकडं जात होता. सगळं थेटर "आहाहा" म्हणालं. मागून एकजण ओरडला, "आरं पान्या, दोन वर्सांपूर्वी दुष्काळात कुटं हुतास रं?" त्यावर हशा पिकला. केराबाई हसली नाही. सिनेमा पडद्याच्या मागं जायची ती वाट पाहत होती.

आणि सिनेमा मागं गेला. ओल्या कापडाचा निळसर उजेड, त्यात बसलेल्या बायका, पुढं एक लहान पोर तोंड उघडं टाकून पाहते आहे. केराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा तीच होती. पोरीच्या समोर ओल्या पडद्यावर देव प्रगट झाला. त्यानं हात वर केला.

उजवा.

सिनेमा काढणाऱ्यांनी आगगाडी आभाळात उडवली होती, थेंबांना नाचायला शिकवलं होतं. पण मागं बसलेल्या बाईला काय दिसत असेल, हे कुणा बाईला विचारावं असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढचंच चित्र त्यांनी उचलून मागं लावलं होतं.

कोंडीबानं मांडीवर थाप मारली. "बगितलंस? उजवा! मागनंबी उजवाच! आता बोल."

केराबाई उभी राहिली. "खोटं हाय हे!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "चुकीचं दावतायसा!"

"आज्जे, खाली बस की. बगू दे," मागून कुणीतरी.

"आहो बाई, सिनेमा आहे तो," एका चष्मेवाल्यानं समजूत घातली. "त्यात खरं-खोटं काय बघायचं?"

"मग सगळंच खोटं दावायचं हुतं! बायका मागं बसवल्या त्ये तरी खरं कशाला दावलं?"

तेवढ्यात पुढच्या रांगेत आणखी एक म्हातारी उठली. शिवम्मा तिचं नाव, अक्कलकोटकडची, हे पुढं मध्यंतरात कळलं. तिनं स्वतःचा डावा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला आणि कानडीत ओरडली, "तप्पु! तप्पु! एडगै!" चूक आहे, डावा हात. तप्पु हा शब्द तेलुगूतही तोच. त्यामुळं तेलुगू विणकरांच्या दोन म्हाताऱ्यांना तो न सांगता समजला, आणि त्याही उठल्या. त्यांनीही डावे हात वर केले. देव उजव्या हातानं आशीर्वाद देत होता आणि अंधारात चार म्हाताऱ्या डाव्या हातांनी त्याला अडवत होत्या. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला, कुणाला बाहेर काढावं ते त्याला ठरवता येईना, म्हणून तो सगळ्यांना "मावशी, मावशी" करत उभा राहिला.

मध्यंतरात त्या चौघी चहाच्या टपरीपाशी जमल्या. कुणाचा तंबू कुठला, सिनेमा कुठला, काही जुळत नव्हतं. हात तेवढा जुळत होता.

"मी घरी सांगितलंच न्हाई," शिवम्मा म्हणाली. "म्हंटलं, आपलेच डोळे बाटले असतील."

"मी सांगितलं," केराबाई म्हणाली. "त्येचंच भोगतीया."

कोंडीबा शेंगदाण्याची पुडी घेऊन जरा लांब उभा होता. तो खात नव्हता, ऐकत होता.

सिनेमा संपवून दोघं पेठेत शिरली तेव्हा दिवेलागणीच्या आधीची मंडळी कट्ट्यावर होती. शेजारच्या मल्लिकार्जुननं हाक मारली, "काय कोंडीबा, कसा वाटला सिनेमा?"

"बरा हाय," कोंडीबा कट्ट्यावर टेकत म्हणाला. "पर लई मोठी चूक केलीया त्येंनी. पडद्याच्या मागनं बगितलं, की उजवा हात डावा दिसतो. एवढं साधं कळलं न्हाई त्यास्नी. आमच्या घरात हे कवाचं ठाऊक हाय."

मल्लिकार्जुननं मान डोलावली. "व्हय? शाणा हाईस की."

केराबाई दाराशी पोचली होती. ती माघारी वळली. सिनेमावाल्यांवर ती चिडली होती, चष्मेवाल्यावर चिडली होती. पण ते परके लोक होते.

"आमच्या घरात कुणाला ठाऊक हाय?" तिनं विचारलं.

"आगं, आपल्याला."

"आपल्याला म्हंजी कुणाला? नाव घ्या."

ओट्यावर शकुंतला येऊन उभी राहिली होती. कोंडीबानं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"तुला," तो म्हणाला.

"मला काय?"

"तुला ठाऊक हुतं."

"आन् तुमी काय म्हणत हुता?"

"आता समद्यांम्होरं कशाला, केरे? चल आत."

"खोटी म्हणताना समद्यांम्होरंच म्हणला हुता."

कोंडीबानं मल्लिकार्जुनकडं पाहिलं, पण मल्लिकार्जुनला एकाएकी स्वतःच्या पायातल्या वहाणेचा अंगठा तपासावासा वाटला.

"मी तुला खोटी म्हणलो," कोंडीबा शेवटी भिंतीकडं बघत म्हणाला. "तू खरी हुतीस."

"भिंतीला न्हाई. त्येंना सांगा."

त्यानं सांगितलं. मोठ्यानं नाही, पण कट्ट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतपत. मग केराबाई आत गेली, आणि घडाघडा भांडी घासायला बसली, कारण तिचा राग अजून उतरला नव्हता.