सुतळीमावशी खुर्चीत बसल्या

आमच्या शहरात एक बाई खुर्चीत बसली म्हणून गाव तिच्यावर उठले. वाचणाऱ्याला वाटेल, मधले काहीतरी सांगायचे राहिले असेल. काही राहिलेले नाही.

हे शहर एकेकाळी राजधानी होते. मी शाळेत होते तेव्हाच ते राज्य संपले. राजेसाहेबांचे नातू परदेशात फ्रीज विकतात. राजवाड्याच्या अर्ध्या भागात संग्रहालय आहे आणि उरलेला अर्धा समारंभांना भाड्याने देतात. तरीही फाटकासमोरून जाताना लोक अजून आवाज खाली आणतात. बेकरीवाल्याच्या पाटीवर ‘राजघराण्याला पाव पुरवणारे’ असे लिहिलेले आहे. त्या घराण्यातल्या कोणी त्याच्याकडचा पाव खाल्ला होता तो त्याच्या आजोबांच्या वेळी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ राजांचा होता, पीळ आमच्यात राहिला.

सुतळीमावशी खुर्च्या आणि कोच भरायच्या. खांद्यावर सुतळीचा गुंडा, ओठांत बारीक खिळे, त्यामुळे बोलणे नेहमी तोंडाच्या एका कोपऱ्यातून. त्यांचे खरे नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने हाक मारली तर त्या वळूनही बघत नाहीत. वडील राजवाड्याचे कारागीर. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून हातातली कला मुलीला दिली. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत नोकरांच्या जुन्या खोल्या आहेत, त्यांतली एक वडिलांकडून मावशींकडे आली. छताला कप्पी, कोच वर ओढून उलटा टांगायला. खिडकी इतकी मोठी की वाकड्या सुईत दोरा ओवायला दिवा लागत नसे. लग्न झाले, मुलगा झाला, सायकली दुरुस्त करणारा भला नवरा गेला, या सगळ्यात ती खोली एक दिवस बंद राहिलेली मी पाहिली नाही.

राजवाड्याचा एक नियम होता. ज्याने खुर्ची भरायची, त्याने तिच्यात बसायचे नाही. म्हणून वडील बैठकीवर वाळूचे पोते ठेवून काम तपासत. ते गेल्यावर मावशींनी ते पोते गल्लीतल्या खड्ड्यात ओतून टाकले.

“पोत्याची कंबर दुखत नाही, बाई,” त्या मला म्हणाल्या. “ते काय सांगणार मला?”

तेव्हापासून त्या स्वतः बसून बघत. चपला काढायच्या, बैठकीवर धुतलेले फडके पसरायचे, टेकायचे, डोळे मिटायचे. माझ्या यजमानांना शेवटच्या आजारात आडवे पडले की श्वास लागायचा. मावशी आल्या, त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे न उघडता विचारू लागल्या, “इथे टोचतं? मान कुठे जाते तुमची?” दोनदा उसवून त्यांनी ती पाठ पुन्हा भरली. त्या खुर्चीमुळे माझा माणूस शेवटपर्यंत खिडकीशी बसून पेपर वाचू शकला. तेव्हा मी या प्रकरणात तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

यंदा संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी मावशींना बोलावले. राजेसाहेबांची दरबारातली खुर्ची खाली बसली होती, ती भरून हवी होती. मावशींनी दरबार हॉलच्या फरशीवर बसून जुना काथ्या काढला, पट्टे ताणले, नवे घोड्याचे केस पिंजून भरले. वरची मखमल ठोकण्याआधी त्या नेहमीप्रमाणे चपला काढून, फडके पसरून खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले.

नेमकी तेव्हा पाहुण्यांची एक तुकडी आत आली. कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनवर होता, खाली ‘आमच्या नव्या राणीसाहेब’ असे लिहून.

मग काय विचारता! ज्यांना राजेसाहेबांच्या वडिलांचे नाव सांगता येणार नाही, त्यांच्या भावना दुखावल्या. बेकरीवाला मला पाव देता देता म्हणाला, “माणसाने पायरी ओळखून राहावं, काकू.”

“तुझ्या गल्ल्यामागची खुर्ची कोणी भरली?” मी विचारले.

“ती माझी खुर्ची आहे. ही राजांची.”

मी पाव तिथेच ठेवून आले.

व्यवस्थापक मावशींच्या खोलीवर आले तेव्हा मी तिथेच होते. माणूस इथलाच, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला.

“मावशी, फार नाही. रविवारी हॉलमध्ये यायचं, खुर्चीसमोर उभं राहून चार लोकांदेखत माफी मागायची. विषय संपला.”

“कोणाची माफी?”

“लोकांच्या भावना आहेत त्या खुर्चीत.”

मावशींनी ओठांतले खिळे हातावर घेतले. “मी काथ्या भरला, केस भरले. भावना भरल्याचं आठवत नाही.”

“थट्टा नको. ही खोली राजवाड्याच्या ट्रस्टची आहे. तुमच्याकडे कागद नाही. माफी नसेल तर खोली सोडावी लागेल.”

मला राहवले नाही. “राजांच्या नातवाला विचारलंत का?”

तो चपापला. “विचारलं. फोन केला होता.”

“मग काय म्हणाला?”

“ते म्हणाले, कुठली खुर्ची?” आणि पुढे म्हणतो कसा, “मन मोठं आहे त्यांचं. पण गावाला तसं चालत नाही ना!”

ज्याची खुर्ची त्याला पत्ता नाही आणि या लोकांना झोप नाही!

घरीही मावशींना थारा नव्हता. मुलगा पाणीपुरवठा खात्यात कारकून. “आई, जिभेला काही हाड नसतं,” तो म्हणाला. “चुकलं म्हणून टाक आणि मोकळी हो.”

“काय चुकलं ते सांग, मग म्हणते.”

“बसलीस ना!”

“मग खुर्चीत काय उभी राहू?”

सुनेने भांडी आपटत ऐकवले, “शेजारणी रोज विचारतात मला, राणीसाहेब उठल्या का म्हणून. तुम्हाला काय, तुम्ही खोलीवर जाऊन बसता.”

“ती खोलीच काढून घेतायत, बाळा,” मावशी म्हणाल्या. त्यावरही दोघांपैकी कोणी ‘नका मागू माफी’ म्हणाले नाही.

शनिवारी मावशींनी मला सांगितले, “उद्या जाते मी.” मला राग आला. तुम्ही जाल असे वाटले नव्हते, असे मी बोलूनही गेले. त्या फक्त म्हणाल्या, “तुम्ही या बरोबर.”

हॉल भरला होता. एरवी जिन्यातल्या दिव्यांचे बिल कोणी भरायचे यावर भांडणारे लोक आंघोळी करून आले होते. खुर्चीभोवती दोरी बांधलेली, मखमल अजून अर्धवट लटकत होती. व्यवस्थापकांनी दोन शब्द बोलून मावशींना पुढे केले.

मावशींनी एकेकाकडे पाहिले. “डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातल्या खुर्चीत मी बसले होते. मास्तर, तुमच्याही. बेकरीवाले, तुमच्या तर दोनदा, तुमचं वजन वाढलं म्हणून. तेव्हा कोणी माफी मागायला लावली नाही.” कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. “मी बसून बघते म्हणून तुम्हाला बसता येतं. यात माफी मागण्यासारखं मला काही सापडत नाही. शोधलं मी.”

“मग खोलीची किल्ली द्यावी लागेल,” व्यवस्थापक म्हणाले.

मावशींनी कमरेची किल्ली काढली आणि दोरीवरून खुर्चीत टाकली. ती बैठकीच्या मधोमध पडली.

आणि ती उचलणार कोण? दोरी ओलांडायची, खुर्चीला हात लावायचा, तोही सगळ्यांसमोर. व्यवस्थापकांनी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी छताकडे. शेवटी झाडूवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, “मला नका सांगू साहेब, उद्या माझा फोटो काढाल.” आम्ही दोघी बाहेर पडलो तेव्हा किल्ली तिथेच होती.

खोली गेली. कप्पी काढायलासुद्धा आत जाऊ दिले नाही. मावशी आता माझ्या पुढच्या खोलीत काम करतात. घरभर काथ्याचे तूस उडते आणि सांडलेल्या खिळ्यांमुळे अनवाणी चालायची सोय राहिलेली नाही. महिनाभर कोणी फिरकले नाही. नंतर एकेक खुर्च्या येऊ लागल्या, बहुतेक दिवेलागणीला, मागच्या दाराने.

मागच्या आठवड्यात बेकरीवाला आला. मी दार लावून घेणार होते.

“बाई, गिऱ्हाईक आहे,” मावशी आतून म्हणाल्या.

“असेल. मला त्याचं तोंड बघायचं नाही.”

“तुम्ही तोंड बघू नका. मला बैठक बघू द्या.”

मी बाजूला झाले. खुर्ची आत गेली, तो बाहेर पायरीवर उभा राहिला. मी त्याला आत या म्हटले नाही, आणि उद्याही म्हणणार नाही.