‘कोतवाल’ मोकळं होतंय

रविवारची दुपार. साडेतीन वाजलेत, जेवण अंगावर आलंय आणि संगणकापुढे बसलेल्या केतकीची मान पुन्हा पुन्हा कलते आहे. चार वाजेपर्यंत जागं राहायचं, एवढंच काम. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आठ-आठ तास नमुन्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईला ते जड जाऊ नये. पण पापण्या ऐकत नाहीत.

चार वाजता ‘सप्तद्वीप’ या ऑनलाइन खेळातली वर्षभर न वापरलेली नावं मोकळी होतात. खेळणारे लाखो, आणि एक नाव एकालाच मिळतं. त्यामुळे साधी, सुटसुटीत नावं केव्हाच संपलीत. बाकीच्यांनी मागे शेपट्या लावून घेतल्यात. कुणी वाघ्या_८८१, कुणी राणी००७क. केतकी स्वतः दहा वर्षं ‘टिटवी_४७०३’ आहे. तिच्या थोरल्या भावाने, श्रीरंगने, खेळ सुरू झाला त्याच दिवशी ‘कोतवाल’ घेतलं होतं. नुसतं कोतवाल. पुढे-मागे काही नाही.

श्रीरंगला जाऊन दोन वर्षं झाली. आज त्या नावाची पाळी आहे.

नावाच्या चौकटीत तिने ते आधीच लिहून ठेवलंय. एन्टरवर बोट टेकवून ती स्वतःला बजावते, डोळे फक्त मिटतेय, झोपत नाहीये.

रांग पुढे सरकते.

रांग तहसील कचेरीतली आहे, पण पायाखाली खेळातलं गवत आहे, वारा नसताना डुलणारं. पुढच्या प्रत्येकाच्या पाठीवर आकडे शिवलेले. खिडकीच्या जाळीमागे श्रीरंग बसलाय, पेनाने कान कोरत.

“बोला.”

“दादा, मी केतकी.”

“दिसतंय. नाव कुठलं हवंय?”

“तुला माहितीये.”

“तोंडाने सांग. इथे तोंडाने मागावं लागतं.”

“कोतवाल.”

तो वहीकडे बघतसुद्धा नाही. “घेतलंय. पुढचा कोण?”

“चारला मोकळं होणार आहे.”

“आपोआप होतंय, की तू केलंस?”

मागच्या माणसाला हे ऐकू गेलं का म्हणून ती वळून बघते, तर मागे आईचं स्वयंपाकघर आहे. केळीच्या पानावर भात वाढलाय, काळे तीळ सांडलेत. श्रीरंग ओट्यावर बसून पाय हलवतोय. तो गेल्यावर पहिलं वर्षभर असंच चाललं होतं. दर महिन्याला त्याच्या तिथीला गुरुजी येत, मासिक श्राद्ध होई, आणि हात धुऊन आई म्हणे, “आता त्याच्या त्या खेळातही एकदा जाऊन ये गं. तिथलं नाव चालू राहू दे.” केतकी त्याचा पासवर्ड टाकून आत जाई, मिनिटभर थांबे, बाहेर येई.

“वर्षश्राद्ध झालं, मासिकं बंद झाली,” ती म्हणते. “गुरुजींनीच सांगितलं तसं.”

“पिंडाची बंद झाली. आईने तुला काय सांगितलं?”

“चालू ठेव म्हणाली.”

“आणि दर महिन्याला तू तिला काय सांगतेस?”

ती सांडलेले तीळ बोटाने एका बाजूला सारते.

“सांग ना. ‘जाऊन आले’ म्हणतेस. ती म्हातारी तेवढ्यावर रात्री झोपते.” तो तीळ उचलून एकेक तिच्या अंगावर फेकतो. “खोटारडी. दिवस मोजत बसली होतीस माझे.”

“हो, मोजत होते.” तिला आता राग येतो, आणि रागाने बरं वाटतं. “मेल्यावर माणसाला नाव कशाला लागतं?”

“दुसरं उरतं काय, शहाणे?”

ओटा लांबत जातो. त्याच्यावर बाटल्या आहेत, तिच्या प्रयोगशाळेतल्या, गढूळ पाण्याच्या. ती चिठ्ठ्या वाचते. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात टिटवी_४७०३, टिटवी_४७०३.

“मी तीनदा मागितलं होतं तुझ्याकडे,” ती म्हणते. “तिसऱ्यांदा तू हॉस्पिटलात होतास.”

“मी काय म्हणालो?”

“‘आधी यायचं होतंस.’ तोंडात थर्मामीटर, तरी तेवढं बोललास.”

“बरोबरच बोललो.”

“आधी कुठून येणार होते मी? संगणक तुझ्या खोलीत. मला रविवारी एक तास. तो तरी पुरता दिलास का कधी? दार वाजवलं की म्हणायचास, लढाई चाललीये, थांब.”

तो ओट्यावरून उतरतो. बाटल्यांमधलं पाणी हलतं.

“घे मग,” तो म्हणतो. “नाव घेशील. त्या नावाला हाका मारणारी माणसं कुठून आणशील?”

“मला नकोत माणसं.”

“तुला कुणी कधी विचारलंय?”

तो तिचं बोट पकडतो, कचेरीत अंगठा उठवून घेतात तसं, आणि सगळा भार देऊन खाली दाबतो.

“दादा, दुखतंय.”

“दुखू दे.”

खोलीत ऊन आहे. चार वाजून दोन मिनिटं झालीत. केतकीचं बोट एन्टरमध्ये रुतलंय आणि पडद्यावर लिहून आलंय: अभिनंदन. आजपासून आपण ‘कोतवाल’.

खेळातल्या चौकात तिचं पात्र उभं आहे, डोक्यावर ते कोरं, बिनआकड्याचं नाव. भोवती सात जण गोल करून थांबलेत. कुणी हलत नाही. मग त्यातला एक, बिब्बा_२२, लिहितो:

“सात जण तासभर बसलो होतो. त्याचं नाव बाहेरच्याच्या हाती जाऊ नये म्हणून. कोण आहेस तू?”

ती लिहिते, “त्याची बहीण.”

गोलातला एक जण पाऊलभर मागे सरकतो.

“नऊ वर्षं खेळलो त्याच्याबरोबर,” बिब्बा लिहितो. “बहीण आहे असं कधी बोलला नाही.”

एकेक करून ते चौकातून निघून जातात. केतकी बोट उचलून उन्हात धरते. टोकावर एन्टरच्या कडेचा खोल, पांढरा वण उमटलाय. ती दुसऱ्या हाताने तो चोळते. रक्त परत यायला तयार नाही.