विहिरीवरचं केंद्र सरकार

उंद्रीच्या शाळेत शेषराव सर येण्याआधी नागरिकशास्त्राच्या तासाला पोरं निवांत झोपा काढत. परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकायचा आणि पेपर टाकला की विसरायचा, असला तो विषय. सरांना हे खपलं नाही. आल्या वर्षीच त्यांनी नववीच्या वर्गातले बाक ओढून तीन ठिकाणी लावले. खिडकीजवळचे कायद्याचे, दाराजवळचे कारभाराचे आणि मागच्या भिंतीचे न्यायाचे. वर्गाचे नियम खिडकीवाल्यांनी करायचे, ते दारवाल्यांनी राबवायचे आणि तंटा झाला की भिंतवाल्यांनी निकाल द्यायचा. कोणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसलं की सर ओरडत, "आपल्या जागेवर बस बे! तिन्ही कामं एकाच्याच हाती गेले की त्याले राजा म्हणतात, अन् राजे आपण कवाचेच घरी बसवले."

केंद्र आणि राज्यांची वाटणी शिकवायला तर सर पोरांना थेट आपल्या शेतात नेत. बांधाच्या आत काय पेरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, ही राज्यसूची. शिवाराबाहेरचा मोठा रस्ता सगळ्यांचा मिळून, ही केंद्रसूची. आणि दोन वावरांच्या मधली विहीर दोघांच्याही अधिकारातली, ही समवर्ती सूची.

"अन् विहिरीवर वाद झाला तं?" पोरं विचारत.

"तं केंद्राचं चालते," असं सांगून सर पुढच्या धड्याकडे वळत. या एका वाक्यानं पुढं घरात केवढा घोळ घातला ते यथावकाश येईलच.

सरांचा धाकटा भाऊ महादेव त्यांच्याच वर्गात होता. वडील लवकर गेलेले, त्यामुळे सरांनीच त्याला वाढवलेलं. घरी 'दादा' आणि शाळेत 'सर' म्हणायची त्याला सक्त ताकीद होती. पोरगा अबोल, पण डोक्यानं सरळ. म्हणून वर्गानं त्याला न्यायाच्या बाकावर बसवलं होतं. एकदा सरांचा तोल गेला आणि त्यांनी उकंडा नावाच्या पोराच्या कानाखाली वाजवली. वर्गाचा नियम होता की वर्गात कोणी कोणाला मारायचं नाही. दारवाल्यांनी भीत भीत सरांनाच भिंतवाल्यांपुढं उभं केलं. महादेवनं खणखणीत आवाजात निकाल दिला. "आरोपी शेषराव सर दोषी हायेत. त्यायनं आठवडाभर वर्गाचा माठ भरावा."

वर्ग गार पडला. सर मात्र पोट धरून हसले आणि मधल्या सुट्टीत हंडा घेऊन शाळेच्या आडावर निघाले. मागून महादेव धावत आला आणि त्यानं हंड्याचा दुसरा कान धरला.

"काऊन रे? निकाल तं तूच देल्ला नं?"

"निकाल बाकावरून देल्ला. आता मधली सुट्टी हाय, दादा."

आठवडाभर दोघं भाऊ असे हंडा धरून जात राहिले. शेषरावांच्या साऱ्या नोकरीत त्या आठवड्याइतके गोड दिवस दुसरे नव्हते. आजही ते आठवले की म्हाताऱ्याचा चेहरा उजळतो.

पुढं वाटण्या झाल्या, विहीर सामाईक राहिली. सर निवृत्त होऊन वांगी-कोथिंबीर लावू लागले. शेतातली वीज कधी दिवसा यायची, कधी रात्री. त्यावर शेषरावांनी नियम काढला की दिवसाची पाळी थोरल्याची, रात्रीची धाकट्याची. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची चावी आपल्या कनवटीला लावली, धाकट्याला ती फक्त रात्रीपुरती मिळे. महादेवरावांनी तक्रार केली तेव्हा ती ऐकून निकालही स्वतःच दिला, आणि वर समजावलं, "समवर्ती सूचीत वाद आला तं केंद्राचं चालते, महादेव."

महादेवराव तेव्हा एकच वाक्य बोलले. "केंद्रात राज्यांचे माणसं बसतात, दादा. तुमच्या केंद्रात माह्या घरचं कोण हाय?"

शेषरावांनी चावी मात्र सोडली नाही. महादेवराव रात्रीच्या अंधारात पाणी देत राहिले, पण भावाशी बोलणं त्यांनी बंद केलं. "आयुष्यभर पोरायले तीन बाक शिकवले," शेषरावांच्या पत्नी कोकिळाबाई म्हणत, "अन् घरी मात्र एकच खुर्ची, तीबी तुमचीच." शेषराव पेपरात डोकं घालून बसत.

यंदा दिवाळीनंतर जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला. पिकल्या केसांची पोरं हौसेनं तीन ठिकाणी बाक ओढून आपापल्या जागी बसली. उकंडरावानं गाल चोळत तो खटला रंगवून सांगितला. सगळा वर्ग हसून लोळला आणि शेषरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उकंडराव मागं वळून म्हणाला, "पण सर, आमचे न्यायाधीश कुठी हायेत?"

न्यायाच्या बाकावर मधली जागा रिकामी होती. सर येणार म्हणून महादेवराव आलेच नव्हते, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेषरावांना सत्काराची शाल अंगावर नकोशी झाली. असला मेळावा काय कामाचा, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोकिळाबाईंना घेऊन भावाच्या घरी गेले. महादेवराव ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. शेषरावांनी चावी त्यांच्यापुढं ठेवली. "महादेव, न्यायाच्या बाकावर तू बसत होता. विहिरीचा निकाल आता तूच दे."

महादेवरावांनी चावीला हात लावला नाही. ते म्हणाले, "मी कसा देऊ? भांडण माहंच हाय. आपल्याच भांडणात आपण न्याय करत नसतो, असं शिकवलं होतं तुमी."

शेषरावांची मान खाली गेली. शिकवलं होतं खरं. भावानं ते आजवर सांभाळलं आणि आपण घराच्या उंबऱ्यावरच सोडून दिलं.

"वहिनी देतीन निकाल," महादेवराव म्हणाले. "त्यायच्यावर माहा भरवसा हाय."

कोकिळाबाईंनी पदर खोचला. जणू कित्येक वर्षं त्या या बोलावण्याचीच वाट पाहत होत्या. "दिवस-रातीची पाळी आठवड्यानं बदलन. नियम दोन्ही घरं बसून करतीन. चाबी या घरी राहीन. अन् आरोपीनं आठवडाभर या घरचा माठ भरावा."

"मंजूर," शेषराव म्हणाले. त्यांनी ओट्यावरचा हंडा उचलला आणि नळाकडे निघाले. हंडा भरला, पण उचलताना म्हाताऱ्या कमरेनं साथ दिली नाही. तेवढ्यात हंड्याच्या दुसऱ्या कानाला कोणाचा तरी हात लागला.

"राहू दे, महादेव. शिक्षा माही हाय."

"हाव," महादेवराव म्हणाले. "पण आता मधली सुट्टी हाय, दादा."