आधी समोरच्याची बाजू, मग चहा

प्रा. शालिनीबाई आठल्ये यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो त्यांची टिंगल करायला. डोंबिवलीतल्या एका दिवाळी अंकासाठी उत्क्रांतीवर खुसखुशीत काही हवं होतं, आणि ठाण्याच्या कॉलेजात जीवाश्म शिकवणाऱ्या बाई आपल्याच गावात राहतात असं कळलं. बसताक्षणी मी विचारलं, "बाई, माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून शिल्लक कशी?"

"तुम्हाला चुलतभाऊ आहेत?"

"आहेत. इथे जवळच, दिवा गावात."

"तुम्ही जन्मल्यावर ते संपले नाहीत ना? मग माकडांवरच राग का?"

लेख बारगळला. मी मात्र बाईंच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी भरणाऱ्या वादसभेला चिकटलो तो कायमचा.

या सभेचा नियम बाईंनीच घालून दिलेला. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मांडायचं, आणि तेही असं, की त्याने "हो, हेच म्हणायचंय मला" असं कबूल केलं पाहिजे. तोवर चहा नाही. इतरांना नावं ठेवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या विनोदी लेखकाचे पहिले काही रविवार कोरडेच गेले.

वाद बहुधा एकच. उत्क्रांती मुंगीच्या पावलांनी सतत चालते, की लाखो वर्षं स्वस्थ बसून मग एकदम उडी मारते? बाई मुंगीच्या पक्षात. त्यांचा पुरावा कपाटाच्या खणात होता: लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या प्राचीन तळ्याच्या गाळातून त्यांनी स्वतः वेचलेले गोगलगायींचे शंख. गाळाच्या खालच्या थरातले चिमुकले, वरचे क्रमाने मोठे. याच रांगेवर त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त ती रांग कॉलेजात काचेच्या पेटीत, बाईंच्या नावासह मांडायचं ठरलं.

शंख साफ करायचं काम प्रज्ञा कांबळे यांच्याकडे आलं. प्रज्ञाताई बाईंच्या विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवतात. शिकत असताना त्या दिवा गावात राहत; तिथे पाणी नसलं की आंघोळीला बाईंकडे येत आणि अभ्यासाला थांबत. बाईंनी त्याला कधी मदत म्हटलं नाही. "आमचा गीझर नुसता गंजतोय," म्हणत. त्यामुळे प्रज्ञाताईंनी बाईंच्या आधी मला फोन केला. "सर, ते लहान शंख वेगळ्या जातीचे नाहीत. पिल्लं आहेत ती. बाईंना कसं सांगू?"

"रविवारी सांगा," मी म्हणालो. धाडस दुसऱ्याने करायचं असलं की माझा सल्ला तयार असतो.

त्यांनी सांगितलं. बाईंनी भिंग मागवलं, शंख निरखले आणि नियमाप्रमाणे समोरची बाजू मांडायला घेतली. "प्रज्ञा म्हणते, मोठ्या शंखाचे सुरुवातीचे वेढे आणि हा अख्खा लहान शंख, दोन्ही हुबेहूब. म्हणजे हा त्याचा पूर्वज नाही, बालपण आहे. खालच्या थराच्या काळी तळं लवकर आटत असणार, पिल्लं वाढायच्या आतच मरत असणार. बदललं ते तळं. गोगलगाय तीच." मग प्रज्ञाताईंकडे वळून, "हेच ना गं?"

"हो बाई. हेच," प्रज्ञाताई म्हणाल्या.

"आता तुमची बाजू," उडीवाल्यांपैकी एक जण म्हणाले.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "माझी नाही उरली. नातवंडांना खापरपणजोबा म्हणून शिकवत आले मी." उडीवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसताच म्हणाल्या, "यातून तुमचंही काही सिद्ध होत नाही हां. चहा टाका कोणीतरी."

आज पेटीत तेच शंख आहेत. खालची पाटी बाईंनी स्वतः लिहिली आहे: 'एकाच जातीच्या गोगलगायीचं बालपण ते म्हातारपण. चुकीचा अर्थ: शा. आठल्ये. दुरुस्ती: प्र. कांबळे.' आपल्या चुकीला काचेची पेटी देणारं दुसरं माणूस माझ्या पाहण्यात नाही. आम्ही लेखक चुकांची दुसरी आवृत्ती काढतो.

बाईंना शंभर वर्षांचं ठणठणीत आयुष्य लाभो, असं या लेखाच्या शेवटी लिहायला बसलो आणि नियम आठवला. आधी समोरची बाजू. बाईंनी शंभरी का गाठू नये, याचा एखादा तरी मुद्दा शोधण्यात अख्खी दुपार घालवली. सापडला नाही. तेव्हा बाई, एवढ्या एका मागण्यापुरता नियम मोडतो आहे. चहा दिला नाहीत तरी चालेल.