कुत्र्याच्या दाताला मिश्री

गंगापूर रोडवरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजरीचे दात साफ करून घ्यायला गेलो होतो. मांजर निवांत होती, घाबरलो होतो मी. शेजारी घोटीहून आलेली एक साठीची बाई बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला म्हातारा कुत्रा. त्याचा गाल सुजलेला होता. बोलताना बाई सारखा पदर गालावर ओढून धरायची. मला वाटलं, लाजते.

डॉक्टरबाईंनी कुत्र्याचं तोंड उघडलं आणि त्या दचकल्या.

"मावशी, हे काळं काय लावलंय?"

"मिश्री. लय दुखत व्हतं त्याला, खात नव्हता. बोटानं चोळली."

"अहो, तंबाखू भाजून करतात ती! कुत्र्याला विष आहे ते."

बाईचा चेहरा पडला. "माझं दुखलं का मी तेच लावते," ती हळूच म्हणाली, आणि ते बोट पदराला पुसत राहिली. आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? स्वतःचं औषधच तिनं त्याला दिलं होतं.

किडलेली दाढ निघाली. गुंगी उतरेपर्यंत बाई त्याचा पंजा धरून बसली. त्यानं डोळे उघडले तशी ती हसली आणि पदर धरायचा विसरली. तिचाही गाल तसाच सुजलेला होता.

"मावशी, तुमचीही दाढ दाखवा ना कुणाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कुत्र्याला उचलून खांद्यावर घेत ती म्हणाली, "याला म्या आनलं. मला कोन आनतंय?"