बोलणं काढणारी मावशी

चार माणसं बोलायला बसली आणि बोरगावच्या माझ्या मावशीने त्यांचं चित्र काढलं नाही, असं सहसा घडत नाही. मावशी अंगणवाडीत सेविका होती. कुठल्याशा प्रशिक्षणात तिला कोणीतरी शिकवलं की सभेतलं बोलणं चित्रात मांडलं म्हणजे माणसं एकमेकांचं ऐकतात. बाकीच्या बायका तिथला नाश्ता करून परतल्या, मावशी हे व्रत घेऊन परतली. तेव्हापासून बचत गट असो, विहाराच्या कमिटीची बैठक असो की कोणाच्या पोरीची सोयरीक, मावशी भिंतीला कार्डशीट चिकटवते, स्केचपेनांचा डबा उघडते आणि म्हणते, "हं, बोला आता."

तिचे नियम पक्के आहेत. रागाचं बोलणं लाल, होकार हिरवा, आणि 'बघू', 'पाहू' म्हणणाऱ्यांसाठी पिवळा. पिवळा पेन सगळ्यात आधी संपतो. ठासून बोलणाऱ्याचं अक्षर जाड, पुटपुटणाऱ्याचं बारीक. शिरोरेघ मात्र सगळ्यांची कपडे वाळवायच्या दोरीसारखी ताणलेली. माणसं ओळखू येण्यापुरती काढायची, कोणाचा चष्मा, कोणाचे कान. नाकाच्या बाबतीत ती फार निर्दय आहे. एकदा विहाराचा भोंगा कोणत्या दिशेला लावायचा यावर कमिटीचे अध्यक्ष असे काही बोलत सुटले की त्यांच्या तोंडातून निघालेला बोलण्याचा फुगा बाकीच्यांच्या डोक्यांवरून जात, कागद ओलांडून थेट भिंतीवर पोचला. अध्यक्ष चिडले.

"एवढं मोठं काउन काढलं माझं?"

"तुम्ही जेवढं बोलले तेवढंच काढून राहिली मी. आवरतं घ्या भाऊ, भिंत मलेच पुसा लागते."

भोंग्याचा निर्णय मग चटकन झाला.

घरातही सुटका नव्हती. मावसाजींशी भांडण झालं की त्याचंही चित्र निघे, आणि त्यात मावसाजी एकटेच भांडताना दिसत. ते रागात असूनही चष्मा लावून जवळ जात, निरखून पाहत आणि विचारत, "माह्या मिशा एवढ्याच हायेत का?" मग मावशीला मिशा वाढवून द्याव्या लागत. तोवर भांडणाचा विषय दोघंही विसरलेले असत. मला तर वाटतं, तो संसार त्या मिशांनीच तारला.

मावसाजी गेले. काही दिवसांनी, मावशीने आता कुठे राहायचं हे ठरवायला आम्ही घरचे जमलो. मावशी सवयीने उठून भिंतीला कागद लावू लागली. तिला कोणी अडवलं नाही. नागपूरचा मुलगा म्हणाला, आई माझ्याकडे राहील, दवाखाने जवळ आहेत. पांढुर्ण्याची मुलगी म्हणाली, माझ्याकडे राहील. सुनेने आळीपाळीचा तोडगा काढला आणि तो सर्वांना पटला. घर भाड्याने द्यायचं की कुलूप लावायचं, इथवर बोलणं गेलं. मावशी मान खाली घालून भराभर काढत होती. कागद नुसता हिरवागार झाला होता. सगळे समाधानाने उठू लागले, तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. त्यात सगळे होते, मावशी नव्हती.

"मावशी, तू कुठं आहेस यात?"

"मी? मी तं काढून राहिली न, बापा."

तिच्या आजवरच्या कुठल्याच कागदावर ती नव्हती, हे मला तेव्हा उमगलं. तिच्या मुलीने तिच्या हातातला पेन घेतला आणि कोपऱ्यात एक बाई काढली. ती बाई कमी आणि रांजण जास्त वाटत होती. तिच्या तोंडापुढे एक फुगा काढून मुलगी म्हणाली, "आई, सांग."

मावशीने त्या रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं.

"मले कुठीच जायाचं नाही. इथं गावभर मले माह्या नावानं हाक मारतेत. तिकडे मी निस्ती याची आई नाहीतर तिची आई."

"कोणत्या रंगानं लिहू?"

"लालनं," मावशी म्हणाली, आणि मावसाजी गेल्यानंतर पहिल्यांदाच आमच्यासमोर रडली.

ती बोरगावातच राहिली. तिच्या मनासारखं झालं याचा मला आनंद आहे, आणि तिन्हीसांजेला त्या घरात तिच्याशी भांडायला कोणी नाही याचं वाईटही वाटतं. सौंसरहून मी अधूनमधून जातो. परवा गेलो तर माझ्या पाठीमागे आणखी कोणी आहे का, ते तिने आधी पाहिलं.

"एकटाच आला? दोन-चार जणाईले घेऊन याचं न. दोघाईचं बोलणं कागदावर उघडंबोडकं दिसते."

मग तिने चहा ठेवला, आणि आम्ही दोघं नुसतेच बोलत बसलो.